दोन टिपक्यांचा चेहरा

ना लांब पापण्या, ना लालचुटूक ओठ, ना गालावरची खळी. वॉल्डॉर्फ बाहुलीच्या चेहऱ्यावर असतात फक्त दोन डोळे आणि एक बारीकसं तोंड. बाकीचं सगळं मूल बघून घेतं. जर्मनीतल्या एका शाळेचं नाव घेऊन जगभर फिरणारी ही कापडी बाहुली तुम्ही हॉस्टेलच्या खोलीत बसूनसुद्धा शिवू शकता. कशी आणि मुळात कशासाठी, ते वाचा.

बाहुली म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पारदर्शक खिडकीचा गुलाबी खोका, आत सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची सुंदरी. झोपवली की डोळे मिटणारी, पोट दाबलं की गाणं म्हणणारी. छान असते की! पण तिचं हसू कारखान्यात साच्यातून निघालं ते निघालं. खेळात तिला ताप येऊ दे, तिची ‘आई’ तिच्यावर रागावू दे, भातुकलीतला सगळा भात करपू दे, बाईसाहेब आपल्या हसतायत.

वॉल्डॉर्फ बाहुलीचं नेमकं उलटं आहे. तिचा चेहरा मुद्दाम अर्धवट सोडलेला असतो. डोळ्यांच्या जागी दोन छोटे टाके, तोंडाच्या जागी एक. ती हसत नाही आणि रडतही नाही. त्यामुळे मूल ठरवेल तेव्हा हसते आणि मूल ठरवेल तेव्हा रडते.

हे वाचताना जरा जास्तच गोड वाटतं, मला मान्य आहे. मलाही तसंच वाटायचं. मग चार वर्षांच्या भाचीला मी अशी एक बाहुली करून दिली. पहिल्या दिवशी तिनं थेट विचारलं, ‘हिला नाक का नाहीये?’ माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण ते द्यायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी बाहुलीला सर्दी झाली होती आणि भाची फ्रॉकच्या टोकानं तिचं नाक पुसत होती!

कारखाना सिगारेटचा, शाळा मुलांची

‘वॉल्डॉर्फ’ या नावाचा बाहुल्यांशी मुळात काही संबंध नव्हता. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. कारखान्याचे संचालक एमिल मोल्ट यांना आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायची होती. त्यांनी रुडॉल्फ स्टायनर या विचारवंताला गळ घातली आणि सप्टेंबर १९१९मध्ये शाळा सुरू झाली. मुलगे-मुली एकाच वर्गात, आणि वाचन-गणिताइतकंच महत्त्व हातकामाला. नाझी राजवटीत, १९३८मध्ये ही शाळा बंद पाडली गेली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा उघडली. आज अशा शाळा जगभर आहेत. आपल्याकडे मुंबईत ‘त्रिधा’ आहे, हैदराबादला ‘स्लोका’ आहे.

स्टायनर यांच्या आध्यात्मिक विचारांवर भरपूर वाद झालेत, अजूनही होतात. बाहुली शिवायला ते सगळं पटायला हवं असं काही नाही. पण त्यांचं एक निरीक्षण फार साधं आहे. मुलांच्या शिक्षणावर १९०७ साली लिहिलेल्या निबंधात ते म्हणतात की, जुना रुमाल घ्या, दोन टोकांचे पाय करा, दोन टोकांचे हात, एक गाठ मारून डोकं करा आणि शाईच्या ठिपक्यांनी डोळे-नाक-तोंड काढा. तयार देखण्या बाहुलीपेक्षा मुलाला ही बाहुली जास्त देते, कारण तिला माणूस करण्यासाठी त्याला स्वतःची कल्पना वापरावी लागते.

ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. आपल्या आज्या-पणज्यांची चिंधीची बाहुली दुसरी काय होती? जुन्या लुगड्याचा तुकडा, आत कापूस किंवा चिंध्या, काळ्या दोऱ्याचे डोळे. तिचीच लग्नं लागायची आणि तिच्याच लग्नात भातुकलीची जेवणावळ उठायची. फरक इतकाच, की आपण ती बाहुली ‘पूर्वी काही मिळायचं नाही म्हणून’ या खात्यात टाकून विसरलो.

बावीस वर्षांची केटे

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. १९०५चा नाताळ. केटे तेव्हा २२ वर्षांची, म्हणजे तुमच्याच वयाची. बर्लिनच्या रंगभूमीवर काम केलेली ही मुलगी तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये राहत होती. तिच्या तीन वर्षांच्या लेकीला, मारियाला, बाहुली हवी होती. मारियाचे वडील शिल्पकार माक्स क्रूझे बर्लिनमध्ये होते. त्यांना दुकानातल्या थंडगार, कडक बाहुल्या अजिबात पसंत नव्हत्या. त्यांनी चक्क नकार कळवला आणि सांगितलं, तूच कर.

केटेनं टॉवेल घेतला, त्यात वाळू भरली आणि डोक्याच्या जागी बसवला बटाटा! हो, बटाटा. मारियाला ती बाहुली आवडली. बटाटा किती दिवस टिकणार, हे सांगायला नकोच. पण केटे थांबली नाही, सुधारणा करत राहिली. १९१०मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या दुकानात घरी केलेल्या खेळण्यांचं प्रदर्शन भरलं. तिथं तिच्या बाहुल्या इतक्या गाजल्या, की ऑर्डरींची रीघ लागली. केटे क्रूझे हे नाव जर्मनीत आजही बाहुल्यांसाठी ओळखलं जातं. तिची बाहुली वॉल्डॉर्फ पंथातली नाही. पण मुलाला हातात धरावीशी वाटेल अशी मऊ, उबदार बाहुली हवी, हा हट्ट दोन्हीकडे सारखाच.

आधी डोकं, मग बाकीचं

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. सामान फार लागत नाही. कातडीसाठी ताणलं जाणारं सुती होजिअरी कापड, भरण्यासाठी धुऊन पिंजलेली मेंढीची लोकर, मजबूत दोरा, एक लांब सुई, भरतकामाचा दोरा आणि केसांसाठी विणायची लोकर. आतल्या डोक्याच्या पिशवीसाठी जुना पांढरा बनियन किंवा सुती मोजा चालतो.

लोकर घेताना मात्र सावध राहा. दुकानात ‘वूलन’ म्हणून मिळणारा बराचसा माल अॅक्रेलिक असतो. एक धागा चिमट्यात धरून पेटवून बघा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. अॅक्रेलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, घोंगडी होतात ती हीच. नीट धुऊन पिंजली तर बाहुलीच्या पोटात ती मजेत बसते. ती बऱ्याचदा काळी असते, त्यामुळे फिकट कापडाआत वापरायची तर मध्ये एक जाड अस्तर घाला. कापूस भरला तर चालत नाही का? चालतो, पण धुतल्यावर त्याच्या गाठी होतात. लोकर दाबली तरी पुन्हा फुगते.

कामाला सुरुवात डोक्यापासून. लोकरीच्या पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या घट्ट गुंडाळत चेंडू करायचा. किती घट्ट? अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा पडायला नको इतका. हा चेंडू बनियनच्या पिशवीत घालून मानेशी बांधायचा. मग गंमत सुरू होते. डोक्याच्या बरोबर मध्यावर एक दोरा आडवा आवळून बांधायचा, ही डोळ्यांची रेघ. दुसरा दोरा टाळूवरून दोन्ही कानांपाशी येऊन हनुवटीखाली आवळायचा. दोन्ही दोरे जिथे एकमेकांना छेदतात तिथे टाके घालून पक्के करायचे आणि मागच्या बाजूचा आडवा दोरा खाली मानेपर्यंत ओढायचा. मघाचा चेंडू बघता बघता डोकं होतो! गाल वर येतात, कपाळ दिसतं, डोळ्यांची खोबण तयार होते. अजून एकही डोळा काढलेला नाही, तरी समोर कुणीतरी आहे असं वाटायला लागतं. हा क्षण प्रत्येक बाहुलीला नव्यानं येतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच पुढची बाहुली करायला घेतली जाते.

त्यावर कातडीचं कापड ओढून मागं टीप घालायची. हात, पाय, धड शिवून भरायचं, डोक्याला जोडायचं. डोळे आणि तोंडाची जागा आधी टाचण्या टोचून बघायची. तिन्ही टाचण्यांचा साधारण समभुज त्रिकोण झाला की चेहरा लहान मुलाचा दिसतो. टाचणी केसभर सरकली तरी बाहुली वयानं मोठी, नाहीतर खडूस दिसायला लागते. त्यामुळे इथे घाई नको. टाचण्या टोचून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा बघा, मग सुई ओवा.

पहिली बाहुली एका दिवसात होत नाही. रोज तासभर दिला तर दोन-तीन आठवडे सहज जातात. आणि या कामात दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणजे फोन आपोआप बाजूला पडतो. कुणी ‘डिजिटल डिटॉक्स’ करा म्हणून भाषण द्यायची गरज उरत नाही. सबमिशनच्या आठवड्यात डोकं भणभणलेलं असताना अर्धा तास धावदोरा घालून बघा.

कुणासाठी कोणती?

मूल किती वर्षांचं आहे, त्यावर बाहुली ठरते. तान्ह्या बाळासाठी मऊ कापडाचा चौकोन, मध्ये लोकरीचं डोकं आणि टोकांना गाठी, एवढं पुरे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या बाहुलीला बटणं, मणी, टिकल्या लावायच्या नाहीत. ते तोंडात जातात आणि घशात अडकतात. तीन-चार वर्षांच्या पुढे हातपाय असलेली, कपडे काढता-घालता येतील अशी करा. तिची बटणं लावता लावता मूल स्वतःची बटणं लावायला शिकतं.

लोकरीची बाहुली कुशीत घेतली की थोड्या वेळात गरम होते, आणि काही दिवसांत तिला त्या मुलाचाच वास लागतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३च्या लेखात मुलांच्या अशाच लाडक्या वस्तूंबद्दल लिहिलंय. कुणाचं पांघरूण, कुणाचं मऊ खेळणं. आईपासून थोडं थोडं लांब जायला शिकताना मूल अशा एका वस्तूचा आधार घेतं. ती कितीही मळली तरी त्याला बदलून चालत नाही. आईच्या जुन्या साडीचा तुकडा घेतल्याशिवाय न झोपणारं एखादं पोर तुमच्याही घरात असेल. तेव्हा बाहुली धुवायची तर गार पाण्यात, हातानं, सावलीत वाळवून, आणि शक्यतो पावसाळ्याच्या आधी. नाहीतर ती वाळेपर्यंत घरात कुणाला झोप मिळायची नाही.

रंग कोणता निवडाल?

दुकानात आपण बाहुलीचा रंग निवडत नाही, तो आधीच ठरलेला असतो. हातानं करताना मात्र कापड निवडावंच लागतं आणि तिथे हात थबकतो.

अमेरिकेत १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्यानं कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, वाईट कोणती, खेळायला कोणती हवी, असे प्रश्न विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली निवडली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या संशोधनाचा उल्लेख आहे. बाहुली म्हणजे ‘नुसतं खेळणं’ नसतं, ते असं.

आपल्याकडे तर ‘गोरी गोरी पान’ व्हायचं ओझं मुलींवर लहानपणापासून असतं. त्यामुळे कापड घेताना ज्या मुलासाठी बाहुली करताय, त्याचा हात आठवा. पांढरं होजिअरी कापड चहाच्या पाण्यात उकळलं तरी छान गव्हाळ छटा येते. केस काळे, कुरळे, दोन वेण्यांचे, काहीही. चष्मा लावणाऱ्या मुलीच्या बाहुलीला दोऱ्यानं भरलेला चष्मा असू शकतो. कारखान्याला हे परवडत नाही, तुम्हाला परवडतं.

‘मुलगा असून बाहुल्या शिवतोस?’

हा प्रश्न येणारच. वॉल्डॉर्फ शाळांमध्ये पहिलीतल्या मुलग्यांच्या हातातही विणकामाच्या सुया देतात. आणि आपला गल्लीतला टेलर कोण असतो? सर्जन टाके घालतो तेव्हा त्याला कुणी असं विचारतं का? लहान भावासाठी एक बाहुली करा आणि त्याच्याकडेही एक बाहुली असू द्या. कुणाला तरी जोजवायची, पांघरूण घालायची सवय मुलग्यांना लागली तर बिघडलं काय?

दोन-चार बाहुल्या झाल्या की मैत्रिणी ऑर्डर देतील आणि तुमच्या डोक्यात इन्स्टा पेज सुरू करायचा विचार येईल. जरूर करा, पण एक माहीत असू द्या. १ जानेवारी २०२१पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय मार्क बंधनकारक आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट मिळालेली आहे. त्यामुळे विक्रीच्या आधी नोंदणीचं बघा. आणि किंमत लावताना लोकर-कापडासोबत तुमचे तासही मोजा. ‘एवढ्याशा बाहुलीचे एवढे?’ असं म्हणणाऱ्याला शांतपणे एक सुई आणि थोडी लोकर द्या.

पहिली बाहुली मात्र विकू नका. तिची मान जराशी वाकडी असेल, एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड असेल. तुम्हाला ते रोज दिसेल. ज्या मुलाला ती द्याल त्याला दिसणार नाही, किंवा दिसलंच तर तो म्हणेल, ‘पडली होती ती, म्हणून तिचा पाय सुजलाय.’ आणि पट्टी बांधायला धावेल.