‘मी वेडा झालो काय?’ : घरच्या माणसाशी समुपदेशनाविषयी कसे बोलावे

चोपडे : ‘तुला डॉक्टरला दाखवायची गरज आहे’ हे वाक्य घरात एकदा तोंडातून निघाले की बहुतेक वेळा बोलणेच संपते. समोरचा माणूस ताटावरून उठतो, ‘म्हणजे मी वेडा झालो काय?’ एवढेच विचारतो आणि विषय बंद. चोपडे, आगरवाडा, मोरजी असो की पलीकडे सातार्डा, बांदा, सावंतवाडी, चित्र सारखेच. माणूस झोपत नाही, जेवत नाही, कामावर जायला टाळतो. घरचे नजर काढतात, देवाला गाऱ्हाणे घालतात, कौल घेतात. समुपदेशनाचे नाव काढायला मात्र कोणी धजत नाही.

हे बोलणे सुरू कुठून करायचे, याचे बरेचसे उत्तर गोव्यातच मिळाले आहे.

गोव्यातल्या आरोग्य केंद्रांचा धडा

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात ‘संगात’ ही संस्था सुरू केली. सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ‘मला नैराश्य आले आहे’ असे कोणी म्हणत नाही. लोक अंगदुखी, अशक्तपणा, झोप नाही अशा तक्रारी घेऊन येतात आणि कारण विचारले की ‘टेन्शन’ किंवा ‘डोक्यात खूप विचार’ म्हणतात.

मग गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला इथलीच, इथली भाषा बोलणारी सामान्य माणसे शिकवून तयार केली. त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. 30 ते 40 मिनिटांच्या सहा ते आठ भेटी. त्यात बंद पडलेली छोटी कामे, भेटीगाठी, फिरणे हळूहळू परत सुरू करायला मदत करायची. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष डिसेंबर 2016 मध्ये प्रसिद्ध केले.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेतही असेच घडले. हरारे शहरात दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून प्रशिक्षित आजीबाई लोकांचे ऐकतात. तिथला शब्द आहे ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे. आपल्याकडच्या ‘डोक्यात खूप विचार’चाच हा भाऊ.

घरच्यांनी यातून घ्यायचे ते एवढेच : आजाराचे नाव तुम्ही ठेवू नका. माणूस जी तक्रार स्वतः करतो, तिचाच धागा पकडा.

नेमके काय बोलायचे?

वेळ आधी बघा. भांडणात, पाहुण्यांसमोर किंवा तो प्यायलेला असताना हा विषय नको. सगळ्या घराने घेरून बसूही नये. ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा एकानेच बोलावे. ती बायकोच असायला पाहिजे असे नाही. मामा, बहीण, जुना मित्रही चालतो.

सुरुवात डोळ्यांना दिसते त्यावरून करा. ‘दादा, चवथीपासून बघते, तू रात्री ओसरीवर बसलेला असतोस. जेवणही कमी झालंय. काय चाललंय?’ मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. ‘सगळ्यांनाच टेन्शन असतं’, ‘तुला कमी काय आहे?’ ही वाक्ये गिळून टाका.

मागणी लहान ठेवा. ‘झोपेसाठी एकदा दाखवूया. मी येते बरोबर. नाही पटलं तर परत नको.’ पण ‘रक्त तपासायला जातोय’ असे खोटे सांगून नेऊ नका. ते कळते, आणि मग पुढच्या वेळी तो तुमच्या कुठल्याच शब्दावर विसंबत नाही.

देवाधर्माशी वाद घालायचीही गरज नाही. ‘गाऱ्हाणं घातलंय, ते असू दे. साखर वाढली तर आपण देवळातही जातो आणि गोळीही घेतो ना?’ एवढे पुरते.

‘लोक काय म्हणतील?’

लहान गावात ही भीती खरी असते. म्हणून पहिली पायरी जवळचे आरोग्य केंद्र. तिथे तापाच्या आणि झोप न येणाऱ्या रुग्णाची रांग एकच. पुढे तज्ज्ञाकडे जायचे का, म्हापशाला की बांबोळीला, हे तिथला डॉक्टर सांगतो. बांबोळीला आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. गोमेकॉत उपचाराला येणाऱ्या सिंधुदुर्गातल्या लोकांना ती वाट ओळखीचीच.

घराबाहेर पडायचेच नसेल तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेली ही सेवा मोफत आणि 24 तास चालते. मराठीतही बोलता येते.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. हे त्याला आवर्जून सांगा. बरेचदा अडलेले असते ते इथेच.

नाही म्हणाला तर?

पहिल्या वेळी नकार येणारच असे धरून चाला. ‘बरं, राहू दे’ म्हणा आणि आठवडाभराने परत विचारा. मधल्या काळात घरच्या माणसाने स्वतः 14416 वर फोन करून सल्ला घ्यावा.

दारूचा प्रश्न असेल तर सकाळी, शुद्धीत असताना बोला. गोव्यातल्या याच आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठीही समुपदेशनाचा प्रयोग झाला. तीन महिन्यांनी सुधारलेल्यांचे प्रमाण 36 टक्के होते, समुपदेशनाशिवाय 26 टक्के. फायदा आहे, पण सावकाश. एका भेटीत बाटली सुटेल अशी आशा धरून घरच्यांनी चिडू नये.

जिथे थांबायचे नाही

‘जगण्यात काही राहिलं नाही’ असे कानावर आले तर आठवडा थांबू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटे सोडू नका. कीटकनाशक, गोळ्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. 108 किंवा 112 ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात न्या. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे 2017 चा कायदा गृहीत धरतो आणि त्याला शिक्षेपासून संरक्षण देतो. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळू नका. आधी माणूस वाचवा, बाकीचे मागाहून बघता येते.