वर्षअखेरीचे वर्गकार्य आणि सेवाप्रकल्प : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक भाषिक विचार

शालेय वर्षाची अखेर म्हणजे वार्षिक परीक्षेच्या आगेमागचे काही आठवडे. महाराष्ट्रात हा काळ मुख्यतः एप्रिल महिन्यात येतो आणि 1 मेच्या सुमारास निकाल देण्याची प्रथा रूढ आहे. नेमलेला अभ्यास संपलेला असतो, सुटीचे वेध लागलेले असतात. त्यामुळे निरोपसमारंभ, सहल आणि वर्गाची आवराआवर यांतच हे दिवस बहुधा खर्ची पडतात. इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या अवधीचा अधिक अर्थपूर्ण विनियोग कसा करता येईल, याचा विचार बीड जिल्ह्याच्या परिस्थितीस धरून करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

बीड जिल्ह्यात या प्रश्नास एक निराळेच परिमाण आहे. येथील शेतमजूर व अल्पभूधारक कुटुंबे मोठ्या संख्येने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. स्थलांतराच्या ठिकाणी साखरशाळांचाही प्रयोग झाला. 2021 मध्ये राज्यशासनाने संत भगवानबाबांच्या नावे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह योजना मंजूर केली. तथापि अनेक मुले आईवडिलांबरोबर फडावर जातातच. परिणामी, अन्यत्र जो काळ वर्ग पांगण्याचा, तोच येथील कित्येक गावांत वर्ग पुन्हा पुरता भरण्याचा काळ ठरतो. परत आलेल्या मुलापुढे प्रथम उभी राहते ती परीक्षा. 2023 च्या निर्णयानंतर पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षांना उत्तीर्णतेची अट लागू झाल्याने हा प्रसंग अधिकच कठीण झाला आहे. पाच महिने काय बुडाले याचाच हिशेब शाळा मांडते. त्या पाच महिन्यांत मुलाने काय पाहिले, ऐकले व आत्मसात केले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

शिक्षणात श्रम व सेवा यांना स्थान असावे हा विचार आपल्याकडे नवा नव्हे. 1937 च्या वर्धा परिषदेतून मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. कोठारी आयोगाने (1964–66) कार्यानुभव व समाजसेवा यांची शिफारस केली. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची कल्पना मांडली. खुद्द बीड जिल्ह्यात 2016 च्या दुष्काळी उन्हाळ्याचे उदाहरण आहे. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा प्रकल्प कोरडा पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच वर्षी पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाईचा समावेश होता, आणि गावोगाव लोक श्रमदानास उतरले. तथापि श्रमदान आणि वेठ यांतील सीमारेषा शिक्षकाने विसरता कामा नये. ज्या मुलाने सारा हिवाळा मोळ्या उचलल्या, त्याच्या हाती एप्रिलमध्ये सेवेच्या नावाने पुन्हा टोपले देणे यात शिक्षण कोणते? सेवाप्रकल्प असा हवा की ज्यात या मुलाचे ज्ञान कामी येईल, केवळ त्याचे स्नायू नव्हेत.

असे एक कार्य म्हणजे शब्दसंग्रह. ऊसतोडीच्या व्यवसायाची स्वतंत्र परिभाषा आहे आणि ती अर्थविचाराच्या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘कोयता’ हे हत्याराचे नाव. परंतु करारात ‘एक कोयता’ म्हणजे पतिपत्नीची जोडी आणि ‘अर्धा कोयता’ म्हणजे एकटा मजूर. साधनाच्या नावाने साधन वापरणाऱ्याचा बोध होणे ही लक्षणाच होय. पण येथे ती मजुरी ठरविण्याचे एककही बनली आहे. ‘उचल’ हे ‘उचलणे’ या क्रियापदावरून सिद्ध झालेले नाम आगाऊ रकमेचा अर्थ वाहते, आणि ती रक्कम फेडण्यासाठीच सारा हंगाम खर्ची पडतो. ‘खाडा’ म्हणजे कामावर न जाण्याचा दिवस. त्याचे पैसे कापले जातात. ‘मुकादम’ हा शब्द मुळात अरबी, ‘पुढे ठेवलेला’ अशा अर्थाचा. टोळी जमविणारा आणि उचल देणारा मनुष्य असा त्याचा या व्यवसायातील संकेत आहे. ‘वाढे’, ‘मोळी’, ‘फड’, ‘कोपी’, ‘टोळी’ हे शब्द याच मालिकेतले. परतलेल्या मुलास हे सर्व सहज अवगत असते. येथे तो वर्गातील मागे पडलेला विद्यार्थी राहत नाही. तो माहितगार ठरतो.

कार्याची पद्धती साधी ठेवावी. स्थलांतर केलेला एक व गावी राहिलेला एक अशा विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येक शब्दासाठी एक चिठ्ठी असावी. तीवर शब्द, त्याचे लिंग, बोलण्यातले एखादे वाक्य, अर्थ आणि सांगणाऱ्याचे वय व गाव यांची नोंद करावी. वाक्य जसे ऐकले तसेच लिहावे. ‘करायलाय’ या रूपाचे ‘करीत आहे’ असे शुद्धीकरण केल्यास नोंदीचा निम्मा उपयोग नाहीसा होतो. नंतर चिठ्ठ्या अकारविल्हे लावून दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’तील अर्थांशी ताडून पाहाव्यात. या एका कार्यात व्याकरण, लेखन, कोशवाचन व मुलाखत या चारही गोष्टींचा अभ्यास घडतो.

यातील सेवा कोणती, असा प्रश्न येथे उद्भवेल. ग्रामसभा 1 मे रोजी भरविण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी हा संग्रह भिंतीवर लावून वाचून दाखविल्यास, उचल, खाडा व कोयता यांचे व्यवहारातील अर्थ पुढील हंगामाचे करार होण्यापूर्वी गावापुढे स्पष्ट मांडले जातात. ज्यांचा हिशेब बहुधा तोंडीच राहतो, त्यांच्या शब्दांना लेखी रूप मिळणे ही सेवा लहान नव्हे.

विद्यापीठीय अभ्यासकांनाही यात स्वारस्य असावे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहिले, आणि बीड तेव्हा त्याच संस्थानात होते. ज्या जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मुकुंदराजांच्या समाधीचे स्थान म्हणून ग्रंथभाषेच्या इतिहासात अग्रभागी आहे, त्याची बोली आरंभीच्या नोंदींत मात्र अशी मागे राहिली.

दोन पथ्ये मात्र अवश्य पाळावीत. कोणाच्या घरी किती उचल आहे, हा आकडा मुलांनी विचारू नये; शब्द गोळा करावा, कर्ज नव्हे. तसेच या कार्यास गुण देऊ नयेत, कारण गुण आले की पाठ्यपुस्तकी मराठी बोलणारा मुलगा पुन्हा पुढे जाईल आणि माहितगार पुन्हा मागे पडेल. वर्षाच्या अखेरीस परतलेल्या मुलाला एकदा तरी ‘तुला काय येते?’ असे शाळेने विचारावे. जूनमध्ये तो पुन्हा शाळेत येण्याचा संभव त्या प्रश्नाने काहीसा वाढेल.