धुऱ्यावरची आग आणि रानातली जाळरेषा

दर वर्षी संपादक विषय धाडतात आणि दर वर्षी मी तो वळवून रानात नेतो. यंदाचं फर्मान होतं, ‘वऱ्हाडातील आग आणि अग्निशमन : एक आढावा’. अकोल्याच्या जठारपेठेत उभी हयात काढलेल्या माणसाला उन्हाचा आढावा मागितला असता तर एका बैठकीत लिहून दिला असता. आगीचं तसं नाही. आग म्हटलं की शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे लाल गाडी येते, माझ्या डोळ्यांपुढे खांद्यावर दाताळं टाकून चढण चढणारा मेळघाटातला कोरकू आदिवासी येतो. हा लेख त्या दाताळ्याच्या बाजूनं लिहिलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

लाल गाडीचं लवकर उरकू. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात भरण्याची अक्कल कुणाची, हा प्रश्न कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडानं तरी विचारायला हवा होता. विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले, आणि म्हणून दर वर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ साली रामपुरात निघालं आणि पुढच्याच वर्षी आपल्या नागपुरात आलं. २००६ साली राज्यानं आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम केला. सगळं उत्तम. पण इमारती, बाजार, कारखाने यांच्यासाठी. गाडी नगरपालिकेची आणि गाव ग्रामपंचायतीचं, ही खरी गोम. अकोटहून किंवा मूर्तिजापूरहून घंटा वाजवत निघालेली गाडी पांदणीतून कशीबशी गावात शिरते, तोवर कुटाराची गंजी बसलेली असते आणि माणसं भिंतीला टेकून बिड्या ओढत असतात. जिनिंगमधल्या आगींबद्दल मी लिहिणार नाही. तो विषय विमा कंपन्यांचा.

आता रानात जाऊ.

मेळघाट वाचकांना ठाऊक आहे असं धरून चालतो. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, राज्यातला पहिला. आगीच्या हिशेबात महत्त्वाचं एवढंच, की थंडी सरता सरता साग आपली ताटाएवढाली पानं टाकून मोकळा होतो, गवत वाळून कंबरेएवढं उभं असतं आणि डोंगराचे उतार असे की तळाशी पडलेली काडी दहा मिनिटांत माथा गाठते. आग राखण्याचा हा उद्योग या देशात सुरू झाला तोही सातपुड्यातच. १८६० च्या दशकात कर्नल पिअर्सन नावाच्या साहेबानं बोरीच्या जंगलात आग रोखण्याचा पहिला मोठा प्रयोग केला. हे बोरी तेव्हाच्या होशंगाबादकडचं, आमच्या मेळघाटातलं पुनर्वसनात उठलेलं बोरी नव्हे. दोन्हींची गल्लत करणारे लेख मी दिवाळी अंकांतच वाचलेले आहेत. साहेबाचं नाव पुस्तकात राहिलं. रेषा तोडणारे, गवत ओढणारे, रात्री काठावर उभे राहणारे हात त्या डोंगरातल्याच माणसांचे असणार. साहेब काही दाताळं चालवत नव्हता.

वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा तयार हव्यात. जाळरेषा म्हणजे जंगलाचे तुकडे पाडणारा, गवत-पाचोळा नसलेला पट्टा, एका तुकड्यातली आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. नकाशावर ती पेन्सिलीची रेघ असते. जमिनीवर ती घाम असते. आधी दोन्ही कडांचं गवत कापून मधे लोटायचं. वाळू द्यायचं. मग वारा पडल्यावर, सांजेला, दव उतरू लागलं की मधला पट्टा जाळायचा, आणि दोन्ही कडांना डहाळ्या घेऊन माणसं उभी. जाळून झालं म्हणजे काम संपलं असं ज्याला वाटतं त्यानं रेषा कधी पाहिलेली नाही. सागाची पानं गळतच असतात. आठवड्याभराच्या वाऱ्यानं पट्टा पुन्हा भरतो. पुन्हा दाताळं. पुन्हा झाडणं. मे उजाडेस्तोवर हेच.

प्रत्यक्ष विझवण्याचं शिक्षण मी ज्यांच्याकडे पाहिलं ते एक म्हातारे कोरकू फायर वॉचर होते. हंगामी मजूर. गावातली नवी पोरं त्यांच्या हाताखाली दिलेली, आणि आम्ही शहरातली चार निसर्गवेडी मंडळी बूट घालून मागे. फळा नाही, शिट्टी नाही. बाबांनी नाल्यातल्या जांभळाची हिरवी डहाळी तोडली, एका पोराच्या हाती दिली आणि पट्ट्यातल्या लहानशा आगीवर सोडलं. पोरानं धुणं आपटावं तशी ती आपटली. ठिणग्या सगळीकडे.

“उचलू नोको रे पोरा. दाब अन् वढ. जयलेल्या अंगाले वढ.”

दाबायचं आणि ओढायचं, तेही जळालेल्या बाजूला. वीतभर फरक, पण आग विझणं आणि पसरणं त्या वीतभरात ठरतं. मग पुढचं: आगीच्या तोंडाला जायचं नाही, शेपटाकडून सुरू करून दोन्ही बगलांनी पुढं सरकायचं. एकट्यानं जायचं नाही. अंगात सुती सदरा; नायलॉनचा असेल तर घरी ठेवून ये, तो कातडीला चिकटतो. तोंडाला ओला दुपट्टा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी हातातली विडी विझवून, नखानं चुरून, दोनदा पाहून सांगितली.

“वर पयू नोको. आग तुह्याहून जोरानं चढते. अडकला तं जयलेल्यात घूस. तिथं खायाले कायी उरलं नसते.”

जगभरच्या अग्निशमन पुस्तिकांत हेच लिहिलेलं असतं, जाड कागदावर. बाबांनी ते दोन वाक्यांत उरकलं आणि जेवायला बसले.

दुसरा धडा विझलेल्या आगीचा होता. ज्वाळा गेल्या की पोरं निघाली. बाबांनी परत फिरवलं. पोकळ बुंधा आतून धुमसत असतो, रानगव्याचं वाळलेलं शेण रात्रभर निखारा धरून राहतं, उतारावरचं अर्धं जळालेलं ओंडकं गडगडत खालच्या हिरव्या भागात जातं. प्रत्येक बुंधा फोडायचा, शेण मातीत कालवायचं, ओंडक्याला आडवा दगड लावायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठल्यावर पुन्हा येऊन पाहायचं. मोठ्या आगींतल्या कितीतरी म्हणजे काल विझवलेल्याच असतात.

हे काम जिवावरचं आहे. एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी मजूर गेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात बिनसरला चार वनकर्मचारी जागीच. वाघ मेला की पहिल्या पानावर बातमी येते. मजुरांच्या बातमीनं कुठली जागा घेतली होती ते मला आठवतं, वाचकांना आठवतं का पाहा.

आता माझ्या जुन्या वादांकडे. एक पक्ष म्हणतो, उपग्रह आहे ना! आहे, आणि चांगला आहे. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आगीचे इशारे देतं; आता तर ३७५ मीटरच्या चौकोनापर्यंत जागा कळते आणि बीटवरच्या वनरक्षकाच्या फोनवर संदेश येतो. पण हा बारीक नजरेचा उपग्रह डोक्यावरून जातो दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या आगेमागे. दुपारी तीनला पेटलेलं त्याला रात्री दिसणार. त्या दहा तासांत गुराख्याला दिसतं, मोहा वेचणाऱ्या बाईला दिसतं. तिला पळत जाऊन सांगावंसं वाटलं पाहिजे, हा खरा मुद्दा. दुसरा पक्ष पाठीवरच्या ब्लोअरचा. पाचोळा उडवून रेषा करायला यंत्र फार कामाचं, हे मी मान्य करतो. पण पेट्रोल संपलं की ते पाठीवरचं ओझं असतं.

तिसरा पक्ष सगळ्यात जुना: जंगल कोरकूच जाळतात. अर्धं खरं सांगून पूर्ण खोटं बोलण्याचा हा नमुना. मोहाचं फूल पहाटे टपकतं. पाचोळ्यात दिसत नाही म्हणून झाडाखाली जाळतात, आणि ती आग सरकते. तेंदूला नवी पालवी जोरात फुटावी म्हणूनही रान पेटवलं जातं, त्यातला नफा मात्र गावात राहत नाही. यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत: मोहाखाली झाडून घ्या, जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं तर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असा ठराव केला, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लावल्या जातात. हातातला पैसा सोडणं कुणा सेमिनारानं शिकवलं नव्हतं. रान आपलं झालं होतं, एवढंच.

आणि इथं माझा लाडका विषय येतो. अचलपूर तालुक्यातलं पायविहीर. परतवाड्याहून फार लांब नाही, जाऊन या. एके काळी गावामागची टेकडी बोडकी आणि माणसं कामासाठी बाहेर. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला १९२ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेनं झाडं लावली, चराई आवरली, राखण वाटून घेतली. त्या टेकडीवरची सीताफळं ‘नॅचरल्स मेळघाट’ नावानं शहरात विकली गेली. २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. वाचकांना सीताफळाची गोष्ट आवडते, पुरस्काराची आवडते. मी तिथं वेगळंच पाहत होतो. सीताफळाची झुडपं एका आगीत जातात. ज्याची मिळकत त्या झुडपावर आहे त्याला धूर दिसल्यावर कुणी बोलवायला लागत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम ७९ आहे: ज्यांना राखीव जंगलात हक्क-सवलती आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. जवळपास शंभर वर्षं हे कलम पुस्तकात आहे आणि त्याच्या धाकानं कुणी पळत गेल्याचं मी पाहिलेलं नाही. हक्क कागदावर आला तेव्हा लोक पळाले. माझ्या सगळ्या लेखांचं सार हवं तर एवढंच आहे, आणि काही विद्वान मित्रांना ते भाबडं वाटतं. वाटो.

चौथा पक्ष अलीकडचा, इंग्रजी वाचणारा: आग निसर्गाचाच भाग, सागाची साल जाड, त्याला काय होतं? मोठ्या सागाला फारसं होत नाही, खरं आहे. रोपट्याला होतं. दर वर्षी जळतं आणि दर वर्षी मुळापासून फुटतं, असं किती वर्षं? जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांना, पहिल्या पावसात वाहून जाणाऱ्या मातीला कुणी विचारायचं? जाळरेषा हीसुद्धा जाळूनच करतात. कुठे, कधी आणि कुणाच्या नजरेखाली जाळायचं, यावर सगळं आहे.

आता गावाच्या तयारीकडे येऊ. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात १९३९ च्या वणव्यात ७१ माणसं गेली, १९४४ मध्ये पुन्हा होरपळ झाली, आणि १९४५ मध्ये गावोगावच्या स्वयंसेवकांची पथकं एका कायदेशीर छत्राखाली आली. शेतकरी, दुकानदार, मास्तर. गावातच गाडी, गावातच सराव. आपल्याकडे काय नाही? राष्ट्रसंतांच्या ग्रामगीतेत ग्रामरक्षणावर अख्खा अध्याय आहे. पूर्वी वऱ्हाडात गंजी पेटली की देवळातली घंटा वाजायची आणि विहिरीपासून गोठ्यापर्यंत घागरींची रांग लागायची. आता विहिरींवर मोटारी आहेत, भारनियमन आहे, आणि घंटेऐवजी व्हॉट्सअॅपवर जळत्या गंजीचा व्हिडिओ येतो. काढणारा हात रिकामा नसतो म्हणून तो विझवत नाही.

तरी सगळंच बुडालेलं नाही. आमच्याच जिल्ह्यात, बार्शीटाकळी तालुक्यातल्या पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक पुरात आणि डोहात उतरतं. खेड्यातली पोरं, पदरमोड करून. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. चांगलं आहे, पण त्यातला भर पुरावर, आणि शिकलेला पोरगा बहुधा तालुक्याला राहायला गेलेला. गोठ्याची आग कोण शिकवणार? तिथं आधी पाणी नाही मारायचं, आधी दावी कापायची. खुंटाळं सोडत बसलात तर गेलात. सोडलेलं जनावर घाबरून परत गोठ्यात शिरतं, म्हणून त्याला हाकलून दूर बांधायला एक माणूस वेगळा. गंजीवर वरून ओतलेलं पाणी आत जात नाही. कडेनं ओढून, फोडून, विझवत जायचं.

राहिला धुरा, म्हणजे शेताचा बांध. गव्हाचं रान निघालं की शेतकरी धुरा पेटवतो, वारा उलटतो, शेजाऱ्याचा संत्र्याचा बगीचा होरपळतो. पायथ्याच्या गावांत तीच आग रानात चढते. यावरचं साधन प्रत्येक घरात भिंतीला टांगलेलं आहे: सोळा लिटरचा फवारणीचा पंप. धुरा जाळायचाच असेल तर सकाळी लवकर, दोन्ही अंगांनी नांगराचं तास मारून, आणि दोन माणसं पाठीवर साध्या पाण्याचे पंप घेऊन उभी. मी हे सुचवतो तेव्हा सभेत हमखास कुणी उठतो की एवढ्याशा फवाऱ्यानं काय होणार. गंजीचं काही होणार नाही. टाचेएवढ्या गवताच्या आगीला मात्र तो पुरतो; नोझल थोडं सैल करायचं, धार बुडाशी मारायची. आणि पंप आधी तीन पाण्यांनी धुवायचा. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपण पाहिलेलं आहे, आणि औषधाचा अंश राहिलेलं पाणी तापल्या राखेवर मारून त्याची वाफ छातीत घेण्यात शहाणपण नाही. पंप धुतला की नाही, हे ग्रामसभेतल्या बायांनी पाहावं. पुरुष सांगतात धुतला म्हणून.