गोळ्यांचा डबा आणि प्रथमोपचाराची पेटी

बहुतेक घरांत फ्रिजवर औषधांचा एक डबा असतो. त्यात अँटिबायोटिकची अर्धी उरलेली स्ट्रिप, मुदत संपलेलं खोकल्याचं औषध आणि तळाशी डिंक सुटलेल्या दोन चिकटपट्ट्या. विळीने बोट कापलं तर यातलं काहीच कामी येत नाही. प्रथमोपचार हा डॉक्टर गाठेपर्यंतच्या वेळेचा असतो आणि त्या वेळेतली कामं मुख्यतः हातांची असतात. रक्त वाहत असेल तर गॉझची जाड घडी जखमेवर घट्ट दाबून धरायची. थांबलं का म्हणून सारखी उचलून बघायची नाही. भाजल्यावर नळाचं वाहतं पाणी 20 मिनिटं. टूथपेस्ट आणि बर्फ अजिबात नाही. कुत्रा चावला तर जखम साबणाने 15 मिनिटं धुऊन लगेच लशीसाठी दवाखाना गाठायचा. गंमत अशी, की साबण आणि पाणी ही सर्वांत मोलाची औषधं पेटीत ठेवायचीच नसतात! पेटीत हवं ते भरपूर गॉझ, क्रेप बँडेज, मेडिकल टेप, बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोजे, थर्मामीटर आणि ओआरएस.

ओआरएसला कुणी किरकोळ समजू नये. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती, सलाइन अपुरं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटलं. ते पाजण्याचं काम बरंचसं नातेवाइकांनीच केलं. मात्र एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, एका वेळी पूर्ण विरघळवावं. पेल्यात चिमूटभर टाकलं की प्रमाण बिघडतं.

पेटीत गोळ्या नाहीत, यावर कुणी म्हणेल, घाटात रात्री ताप चढला तर केमिस्ट कुठे शोधायचा? रास्त आहे. म्हणून प्रवासात पॅरासिटामॉल आणि बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या धरून, प्रिस्क्रिप्शनसह न्याव्यात. पण डेंग्यूच्या दिवसांत तापावर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुसरा आक्षेप 108 ची रुग्णवाहिका येतेच, असा. येते, पण ती पोहोचेपर्यंत रक्त थांबून राहत नाही. साप चावला तर मात्र पेटी बाजूलाच ठेवावी: आवळपट्टी नको, चिरा नको, तो हात किंवा पाय न हलवता माणसाला थेट रुग्णालयात न्यावं. आणि उन्हात उभ्या गाडीत गोळ्या ठेवू नयेत. गॉझ, कात्री डिकीत राहू द्या, औषधं हँडबॅगेत.