व्हेनेसा सेल्ब्स्टचे एक कोटी अठरा लाख डॉलर

पोकर खेळून एखाद्या बाईने कोट्यवधी मिळवल्याची बातमी आली की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात : नशीब काढलं, नाहीतर जुगारच तो. अमेरिकेची व्हेनेसा सेल्ब्स्ट 2017 संपताना व्यावसायिक पोकरमधून बाहेर पडली, तेव्हा स्पर्धांमधल्या बक्षिसांच्या यादीत स्त्रियांमध्ये ती सर्वांत वर होती. तिची कारकीर्द पाहिली तर या दोन्ही प्रतिक्रिया तोकड्या पडतात.

पहिला गैरसमज नशिबाचा. रूलेटच्या चाकावर पैसे लावणारा कॅसिनोविरुद्ध खेळतो आणि गणित कायम कॅसिनोच्या बाजूने असतं. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांशी भिडतात, कॅसिनो आपला वाटा कापून घेतो. कोणती पानं येतील हे कुणाच्याच हातात नसतं. पण किती लावायचे, कधी पानं टाकून बाजूला व्हायचं, हे खेळाडू ठरवतो. कितीतरी डाव पानं न उघडताच संपतात. एखाद्या रात्री नवखाही जिंकेल, पण हजारो डावांनंतर जाणकार पुढे दिसतो.

मात्र नशीब नसतंच, असं म्हणणंही तितकंच चूक. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधली 2017 ची मुख्य स्पर्धा घ्या. सेल्ब्स्टच्या हातात दोन एक्के होते. टेबलावरच्या, सर्वांनी वापरायच्या पानांत आणखी एक एक्का आला आणि दोन सत्त्या उघडल्या. म्हणजे तीन एक्के, दोन सत्त्या. तिला हरवायला समोरच्याच्या हातात उरलेल्या दोन्ही सत्त्याच, म्हणजे एकूण चार सत्त्या, असायला हव्या होत्या. फ्रान्सच्या गाएल बोमानच्या हातात नेमक्या त्याच होत्या. पहिल्याच दिवशी, पहिल्याच टप्प्यात सेल्ब्स्ट बाहेर पडली. तिच्या जागी जगातला कुठलाही मुरलेला खेळाडू असता तरी त्याला तो डाव सोडणं महाकठीण गेलं असतं. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही. हे पचवून पुढच्या स्पर्धेला शांतपणे बसता येणं, हाच या पेशातला सर्वांत अवघड भाग आहे असं मला वाटतं.

बायका जपून खेळतात, समोरच्याचा चेहरा वाचून जिंकतात, हाही समज घट्ट आहे. सेल्ब्स्टची ख्याती नेमकी उलट होती : सतत रक्कम वाढवत राहायचं, हूल द्यायची, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. त्यामागे शक्यतांचा काटेकोर हिशेब असे. वर्ल्ड सिरीजमधल्या स्पर्धेच्या विजेत्याला ब्रेसलेट मिळतं; अशी तीन ब्रेसलेट तिने 2008, 2012 आणि 2014 मध्ये जिंकली. त्यातलं एकही फक्त स्त्रियांसाठीच्या स्पर्धेतलं नाही. ग्लोबल पोकर इंडेक्स या खेळाडूंच्या क्रमवारीत पहिला क्रमांक गाठणारी ती पहिली स्त्री. दुसरं ब्रेसलेट जिंकलं त्याच वर्षी तिने येल विद्यापीठाची कायद्याची पदवीही घेतली.

आता त्या मोठ्या आकड्याकडे येऊ. स्पर्धांमधली तिची एकूण बक्षिसं सुमारे 1 कोटी 18 लाख डॉलर. ही तिची निव्वळ कमाई समजणं म्हणजे दुकानाच्या गल्ल्यालाच नफा म्हणणं. काही मोठ्या स्पर्धांची प्रवेश फी 25,000 डॉलर असते आणि साधारण पंधरा टक्के खेळाडूंनाच काही हाती लागतं. बाकीच्यांची फी बुडते, आणि ती कुठल्याच यादीत वजा होत नाही. शिवाय प्रवास आणि कर आहेतच. पैसे लावणाऱ्या भागीदारांना हिस्सा देण्याची पद्धतही या क्षेत्रात सर्रास आहे.

पत्त्यांची सवय लागलेला माणूस उठत नाही म्हणतात. सेल्ब्स्ट ऐन तिशीत उठली आणि ब्रिजवॉटर असोसिएट्स या गुंतवणूक कंपनीत रुजू झाली. जोखमीचा हिशेब तिथेही कामाचाच.

भारताच्या निकिता लूथरनेही 2018 मध्ये लास व्हेगासला जोडीच्या स्पर्धेत ब्रेसलेट जिंकलं. पण ही नावं वाचून कुणी मोबाइलवर पैसे लावायला जाऊ नये. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्यात सूट नाही. घरातल्या मुलांना हे दोन्ही सांगा : पोकरमध्ये बुद्धी लागते, आणि त्यातून पोट भरणारे फार थोडे असतात.