मिलिमीटरभर आरसा

प्रोजेक्टरवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा एका मित्राकडून त्याचा जुना लेझर प्रोजेक्टर मागून आणला. मोबाइलएवढा. दिवे मालवून तो भिंतीवर रोखला, मग पडद्याच्या चुण्यांवर, मग छतावर. चित्र सगळीकडे तितकंच रेखीव. फोकस जुळवायला चकतीच नाही, कारण चित्र पाडणारं भिंग आत नाही. आत आहे एक आरसा, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात तोच आहे.

आरशाने लेझरचा किरण फिरवून चित्र काढण्याच्या या तंत्राचं घराणं अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचं. हवाई दलासाठी वैमानिकांच्या हेल्मेटमधले डिस्प्ले बनवणारे टॉम फर्नेस 1989 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात आले आणि त्यांनी प्रयोगशाळा काढली. लेझरचा किरण थेट डोळ्याच्या पडद्यावर फिरवून चित्र रेखाटायचं, ही तिथली कल्पना. तिच्यावरच 1993 मध्ये मायक्रोव्हिजन ही कंपनी उभी राहिली.

आरसा सिलिकॉनच्या चिपमध्ये कोरलेला असतो, व्यास जेमतेम मिलिमीटरभर. दोन बाजूंच्या बारीक पट्ट्यांवर तो तोललेला. पट्ट्यांना पीळ बसतो, सुटतो, पुन्हा उलटा बसतो. बाजूला चुंबक, आरसा धरणाऱ्या चौकटीवर कॉइल; तिच्यातली वीज आरशाला धक्के देते. झोक्यावरच्या पोराला नेमक्या क्षणी नुसता हात लावला तरी झोका चढत जातो, तसं इथे अगदी थोड्या विजेवर काम भागतं. आरसा सेकंदाला सुमारे 18,000 झोके घेतो. त्याच वेळी चौकट सेकंदाला 60 वेळा वरून खाली झुकते. जाताना एक ओळ, येताना एक, म्हणजे सेकंदाला 36,000 ओळी. दर चित्राच्या वाट्याला 600. त्यातल्या 480 दिसतात, बाकीचा वेळ पुन्हा वर जाण्यात खर्ची पडतो.

खरी कसोटी पुढे आहे. झोका टोकाला मंदावतो आणि मध्ये सर्वांत वेगात असतो, तसाच आरसाही. म्हणून लाल, हिरवा, निळा लेझर सारख्या तालात उघडझाप करून चालत नाही. आरसा या क्षणी कुठे आहे ते ओळखून प्रत्येक ठिपका टाकावा लागतो. एका ठिपक्याला मिळतात सरासरी तीसेक नॅनोसेकंद. एवढी अचूकता खिशात मावते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

भिंतीजवळ गेलो तर पांढरा भाग कणीदार तुपासारखा रवाळ दिसला. मान हलवली की कण सरकतात. लेझरच्या लाटा एका लयीत असतात, भिंतीच्या खडबडीवरून परतताना त्या एकमेकींत मिसळतात आणि हे कण उमटतात.

मायक्रोव्हिजनला मात्र हिरव्या रंगाने छळलं. लाल आणि निळे लेझर डायोड मिळत होते, थेट हिरवा प्रकाश देणारा डायोड बाजारात नव्हता. 2010 च्या सुमारास तिचा ‘शोडब्ल्यूएक्स’ हा छोटा प्रोजेक्टर निघाला तेव्हा अदृश्य अवरक्त किरणाची वारंवारता दुप्पट करून हिरवा मिळवावा लागत होता. ते महाग आणि जिकिरीचं. थेट हिरवे डायोड हाताशी येईपर्यंत फोनचे पडदे मोठे झाले होते आणि खिशातल्या प्रोजेक्टरची निकड ओसरली होती.

मग 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार झाला आणि आरसा होलोलेन्स 2 या चष्म्यात शिरला. किंमत होती 3,500 डॉलर. फर्नेस यांच्या मूळ कल्पनेच्या इतकं जवळ तो क्वचितच पोचला असेल. 2020 मध्ये त्या भागाचं उत्पादन मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे घेतलं, आणि त्याच वर्षी मायक्रोव्हिजनमध्ये मोठी नोकरकपात झाली. 2024 मध्ये होलोलेन्स 2 चं उत्पादनही थांबलं.

स्थापनेपासून तोटा सोसणारी ही कंपनी आता गाड्यांना रस्ता ‘दाखवणाऱ्या’ लायडारकडे वळली आहे. तिथे आरशाचं कसब कामी येतं: किरण फिरवायचा, पण चित्र काढण्याऐवजी परत आलेल्या उजेडावरून अंतर मोजायचं. तिच्या मॅव्हिन या लायडारमध्ये आरसाच किरण फिरवतो. 2023 मध्ये जर्मनीतल्या आयबिओ या कंपनीकडून घेतलेल्या मोव्हिया या लायडारमध्ये मात्र समोरचा पट्टा एकदम उजळतो. तिथे हलणारा आरसाच लागत नाही.