खिम्याची साठवण आणि परीक्षा

आषाढ सरत आला कीं नाशकांतील मटणाच्या दुकानांपुढें सकाळपासून रांगा लागतात. श्रावणांत मांसाहार वर्ज्य करणारीं घरें पुष्कळ असल्यामुळें आषाढ अमावास्येपूर्वींचा रविवार हा खाणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचाहि सण होऊन बसला आहे. घाई, गर्दी, पावसाळी दमट हवा आणि नेहमींपेक्षां अधिक खरेदी या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो : उरलेला खिमा उद्यां चालेल काय? या प्रश्नाचा निकाल बहुधा डबा उघडून व वास घेऊन लावला जातो. वास बरा असला तर खिमा कढईंत जातो, नसला तर बाहेर. हा न्याय वरवर पाहतां शहाणपणाचा दिसतो. तथापि तो निम्माच खरा आहे, आणि राहिलेला निम्मा भाग एखादे वेळीं घरांतील लहान मुलाच्या जिवावर बेततो.

मटणाचा अखंड तुकडा आणि खिमा हे एकाच जनावराचे असले तरी टिकाऊपणाच्या दृष्टीनें ते दोन निराळे पदार्थ होत. निरोगी जनावराच्या स्नायूंचा अंतर्भाग जवळजवळ जंतुरहित असतो. कातडें सोलतांना, आंतडीं काढतांना, सुरीवरून, लाकडी ठोकळ्यावरून आणि हातांवरून जे जंतु येतात ते मांसाच्या पृष्ठभागावर बसतात. तुकडा विस्तवावर ठेवला कीं हाच पृष्ठभाग प्रथम तापतो आणि त्यावरील जंतु मरतात. खिमा करतांना मात्र बाहेरचें आणि आंतलें हा भेदच नाहींसा होतो. पृष्ठभागावरील जंतु पात्याखालून मांसाच्या कणाकणांत मिसळतात, तंतु तुटून बाहेर आलेला रस त्यांना आयतें खाद्य पुरवितो, आणि मांसाचा हवेशीं येणारा संबंध अनेक पटींनीं वाढतो. यंत्रांत आधींच्या गिऱ्हाइकाच्या मांसाचे कण राहिले असले तर त्यांचीहि भर पडते. म्हणूनच मटणाचा मोठा तुकडा फ्रीजमध्यें तीन ते पांच दिवस राहूं शकतो, पण त्याचाच खिमा एक-दोन दिवसांपलीकडे ठेवूं नये, असें अन्नशास्त्र सांगतें.

आतां वासाचा विचार करूं गेल्यास असें दिसतें कीं, खिम्यांत वाढणाऱ्या जंतूंचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग मांस नासविणाऱ्या जंतूंचा. स्यूडोमोनस हा त्यांतील प्रमुख होय. तो फ्रीजच्या थंडींतहि वाढतो, मांसांतील प्रथिनांचें विघटन करतो, आणि त्यापासून कुजकट वास व बुळबुळीतपणा उत्पन्न होतो. दुसरा वर्ग माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंचा. साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय या जंतूच्या कांहीं घातक जाती हे त्यांतले. रोग होण्याइतक्या संख्येनें ते मांसांत असले तरी रंग, वास वा चव यांत फरक पडेलच असें नाहीं. नाकाला कळतात ते पहिले. अंथरुणाला खिळवितात ते बहुधा दुसरे.

या बाबतींत शास्त्रज्ञांचीहि दीर्घकाळ फसगत झाली होती. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत असें मत रूढ होतें कीं, कुजणाऱ्या मांसांत उत्पन्न होणारीं ‘टोमेन’ नांवाचीं द्रव्यें हेंच अन्नाच्या विषबाधेचें कारण होय. अर्थात् जें कुजलें तें विषारी आणि जें कुजलें नाहीं तें निर्दोष. १८८८ सालीं जर्मनींतील फ्रांकेनहाउझेन या गांवीं एका आजारी गाईचें मांस खाऊन अनेक लोकांना बाधा झाली व एक मनुष्य दगावला. ऑगस्ट गॅर्टनर या शास्त्रज्ञानें त्या मांसांतून आणि मृताच्या शरीरांतून एकच जंतु वेगळा काढून दाखविला. हा जंतु पुढें साल्मोनेलाच्या कुळांत गणला गेला. दोष दुर्गंधाचा नसून जंतूंचा आहे, ही गोष्ट त्यानंतर हळूहळू मान्य झाली.

खिम्याच्या बाबतींत याचा अधिक कडू अनुभव अमेरिकेला आला. १९८२ सालीं ऑरेगन व मिशिगन या राज्यांत खिम्याच्या टिक्क्या घातलेले पाव खाणाऱ्या लोकांत रक्तमिश्रित जुलाबांची सांथ उद्भवली, आणि तिच्या मुळाशीं ई. कोलायची ‘ओ-१५७’ ही जात असल्याचें आढळून आलें. १९९३ सालीं त्याच जंतूनें पुरेशा न शिजलेल्या टिक्क्यांच्या द्वारें ७०० हून अधिक लोकांना ग्रासलें व चार मुलें दगावलीं. हा जंतु लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर आघात करतो, हें त्याचें विशेष क्रौर्य. गाईगुरें, शेळ्यामेंढ्या अशा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आंतड्यांत तो राहूं शकतो. साल्मोनेला तर कोंबडीच्या मांसांतहि वारंवार सांपडतो. तेव्हां खिमा बकऱ्याचा आहे कीं कोंबडीचा आहे, एवढ्यावरून निश्चिंत होतां येत नाहीं.

मग जुन्या पिढींतील आज्या आणि आत्या नाकावरच विसंबून राहिल्या, त्यांचें कसें निभावलें, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर त्यांच्या नाकांत नसून त्यांच्या दिनक्रमांत आहे. त्यांच्या घरीं फ्रीज नव्हता. सकाळीं आणलेलें मटण दुपारच्या आंत चुलीवर चढत असे, आणि रात्रीं पातेलें घासून पालथें पडत असे. नाक दुय्यम होतें. खरी राखण वेळ करीत होती. फ्रीज घरांत आला आणि वेळेचें बंधन सुटलें. नाकावरील विश्वास मात्र जुनाच राहिला. वस्तुतः फ्रीजच्या थंडीनें जंतु मरत नाहींत, त्यांची वाढ मंदावते, आणि लिस्टेरियासारखा जंतु त्या थंडींतहि सावकाश वाढतच राहतो. शिवाय थंडगार पदार्थाचा वास नाकाला कमी जाणवतो. म्हणून नाकाच्या आधीं घड्याळाला विचारावें, हें आजच्या स्वयंपाकघराचें पहिलें सूत्र होय.

घड्याळाचा हिशेब सोपा आहे. अनुकूल उष्णतेंत कांहीं जंतूंची संख्या सुमारें वीस मिनिटांत दुप्पट होते. या गतीनें एका जंतूचे दोन तासांत ६४, चार तासांत ४,०९६ आणि सहा तासांत अडीच लाखांहून अधिक होतात. ५ पासून ६० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता ही त्यांच्या वाढीची मर्यादा मानतात. यास्तव कच्चा खिमा बाहेर दोन तासांहून अधिक राहूं नये, आणि हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर एका तासाहून अधिक राहूं नये. वैशाखांत नाशकाचा पारा चाळिशीजवळ जातो. त्या दिवसांत हा एक तासच खरा धरावा. जुन्या नाशकांत खरेदी करून सिडको, इंदिरानगर किंवा नाशिकरोड गांठावयाचें, वाटेंत भाजी घ्यावयाची, एखाद्या नातलगाकडे चहाला थांबावयाचें, आणि तोंवर पिशवी स्कूटरच्या डिकींत तापत राहावयाची, असा क्रम ठेवल्यास तो तास घरीं पोंचण्यापूर्वींच संपतो. मटण सर्वांत शेवटीं घ्यावें व तडक घर गांठावें. दुकानांत सकाळपासून टांगलेल्या मांसाचें घड्याळ गिऱ्हाईक येण्यापूर्वींच सुरू झालेलें असतें. म्हणून खरेदी लवकर करावी, तुकडा पसंत करून त्याचा खिमा आपल्यासमोर करून घ्यावा, आणि यंत्र आधीं धुऊन घ्या असें सांगण्यांत संकोच मानूं नये.

घरीं आल्यावर खिमा आज किती लागणार, हें लगेच ठरवावें. एक-दोन दिवसांत लागणारा भाग झांकणाच्या डब्यांत घालून फ्रीजच्या खालच्या फळीवर, मागील बाजूस ठेवावा. वर ठेवला तर त्याचें पाणी खालच्या कोशिंबिरीवर वा दह्यावर ठिबकण्याचा संभव असतो. दाराच्या कप्प्यांत कधींहि ठेवूं नये; दार उघडतांच उष्ण हवा प्रथम तेथेंच लागते. फ्रीजच्या आंतील उष्णता ४ अंशांवर असूं नये. बटणावरील आंकडे म्हणजे अंश नव्हेत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. एक लहानसा थर्मामीटर आंत ठेवला म्हणजे हा संशय फिटतो. खिमा धुण्याची चाल कित्येक घरीं आहे. धुतल्यानें आंत मिसळलेले जंतु निघून जात नाहींत. उलट त्यांचे शिंतोडे ओट्यावर व शेजारच्या भांड्यांवर उडतात. हळद, मीठ, आलें-लसूण लावून ठेवल्यानें खिमा टिकतो, ही समजूतहि फार ताणूं नये. मांस टिकविण्यास भरपूर मीठ व कडक वाळवण लागतें. स्वयंपाकाच्या बेतानें लावलेल्या मसाल्याच्या अंगीं तें सामर्थ्य नाहीं.

दोन दिवसांत न लागणारा खिमा आणल्या दिवशींच फ्रीझरमध्यें जावा. तिसऱ्या दिवशीं शंका आली म्हणून गोठविणें व्यर्थ होय, कारण गोठविल्यानें वाढ थांबते, झालेली वाढ पुसली जात नाहीं. एका वेळेस पुरेल एवढ्या मापाच्या पिशव्या कराव्यात, त्या बोटभर जाडीच्या चपट्या थापाव्यात, हवा काढून बंद कराव्यात आणि वर तारीख लिहावी. उणे १८ अंशांस खिमा तीन-चार महिने चवीस चांगला राहतो. तो वितळवितांना ओट्यावर रात्रभर ठेवणें ही सर्वांत मोठी चूक. बाहेरचा थर ऊबदार होऊन जंतूंना मोकळें रान मिळतें आणि आंतला गोळा अजून गोठलेलाच असतो. नाशकाच्या हिंवाळ्याचाहि भरंवसा धरूं नये. बाहेर पारा दहा अंशांखालीं उतरला तरी बंद स्वयंपाकघर कांहीं फ्रीज होत नाहीं. आदल्या रात्रीं पिशवी फ्रीजच्या खालच्या फळीवर काढून ठेवावी. घाई असल्यास बंद पिशवी थंड पाण्यांत बुडवून दर अर्ध्या तासानें पाणी बदलावें व खिमा वितळतांच शिजवावा. वीज गेली तर दार उघडूं नये. बंद फ्रीजची थंडी सुमारें चार तास, अर्ध्या भरलेल्या फ्रीझरची एक दिवस व गच्च भरलेल्या फ्रीझरची दोन दिवस टिकते.

आतां नासल्याच्या खुणा. रंगावरून घाईनें निर्णय करूं नये. मांसांतील मायोग्लोबिन हें द्रव्य हवेच्या स्पर्शानें लाल होतें आणि हवा न मिळाल्यास जांभळट वा तपकिरी दिसतें. म्हणून गोळ्याच्या आंतला भाग तपकिरी असणें हें नासल्याचें लक्षण नव्हे. परंतु वरचा भाग करडा वा हिरवट पडला असेल, हाताला तार सुटल्यासारखा चिकटपणा लागत असेल, आंबूस किंवा कुजकट वास येत असेल, अथवा बंद पिशवी फुगली असेल, तर तो खिमा नासला असें निश्चित समजावें. चाखून मात्र कधींहि पाहूं नये. या खुणांचा उपयोग एकाच बाजूनें आहे : खुणा दिसल्या तर खिमा टाकलाच पाहिजे, दिसल्या नाहींत एवढ्यावरून तो खाण्यास योग्य ठरत नाहीं. तारीख उलटली असेल किंवा तो बाहेर किती वेळ राहिला हें सांगतां येत नसेल, तर वास कितीहि चांगला असो, तो टाकावा.

‘चांगला रटरटवला कीं झालें’, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. ताज्या खिम्यापुरतें हें खरें आहे. मटणाचा खिमा मध्यभागीं ७१ अंशांपर्यंत व कोंबडीचा ७४ अंशांपर्यंत तापला म्हणजे त्यांतील बहुतेक रोगजंतु मरतात. जाड कबाबाच्या बाबतींत ही काळजी विशेष घ्यावी, कारण बाहेरून खरपूस झालेला कबाब आंतून कच्चा राहूं शकतो. पण बाहेर राहिलेल्या मांसांत स्टॅफिलोकॉकस या जंतूनें एकदां विष सोडलें असेल, तर जंतु मेल्यावरहि तें विष उकळीला दाद देत नाहीं. तसेंच क्लॉस्ट्रिडियम जातीच्या कांहीं जंतूंचीं बीजें शिजण्यांतूनहि वांचतात आणि मोठ्या पातेल्यांत रात्रभर सावकाश निवणाऱ्या खिम्यांत पुन्हां वाढूं लागतात. याकरितां शिजलेला खिमा उथळ भांड्यांत पसरून लवकर निववावा, दोन तासांच्या आंत फ्रीजमध्यें ठेवावा, तीन-चार दिवसांत संपवावा, आणि खाण्यापूर्वीं वाफा येईपर्यंत तापवावा. खिमा खाल्ल्यानंतर जुलाबांतून रक्त पडूं लागलें, ताप चढला किंवा लहान मुलाची लघवी कमी झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांकडे जावें.

एवढें सगळें जाणूनहि खिमा टाकतांना गृहिणीचा हात अडखळतो. मटण महाग आहे, अन्न टाकणें हें आपल्याकडे पाप मानलें जातें, आणि टाकणारीलाच उधळी म्हणण्यास घरांतील मंडळी मागेंपुढें पाहत नाहींत. पण ही काटकसर टाकतांना करावयाची नसून खरेदी करतांना करावयाची आहे. जितका लागेल तितका खिमा आणावा, उरेल तो त्याच दिवशीं तारीख घालून गोठवावा, आणि घरांतील सर्वांनीं ती तारीख मानावी. असें केल्यास टाकण्याची वेळ क्वचितच येईल. आणि आलीच, तर पावभर खिम्याची किंमत मुलाच्या दुखण्याशीं ताडून पाहणाऱ्या बाईला कोणीहि उधळी म्हणूं नये.